देवकाबाईच्या नावाची परात

वर्ध्याच्या बसस्टँडवर आई अल्लीपूरच्या गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि दोन्ही रिकाम्या. देवळीला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, त्यामुळे गिऱ्हाईक पायरी चढतानाच किती वेळ खाणार ते मला कळतं. आई अख्खा दिवस खाणार होती.

"परात पाहाची हाये," ती म्हणाली. "पितळीची. जुनी."

नवी का नको, असं मी विचारलं नाही. चार दिवसांपूर्वी रूपालीच्या लग्नाची पत्रिका अल्लीपूरच्या घरी पोचली होती, आणि तीही स्वतः मोठी आई घेऊन आली होती. मोठी आई म्हणजे देवकाबाई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, रूपालीची आई. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीवरून बारा वर्षांत विरजणसुद्धा इकडचं तिकडे गेलं नव्हतं.

कारण एक परात. नव्वद साली वाटणी झाली तेव्हा घरातली सगळी भांडी अंगणात मांडली होती. आमच्याकडे लग्नात भांडं देतात ते नाव घालून देतात, कुणाकडून, कुणाला, कुठल्या साली. मोठे काका पुंडलिकराव एकेक भांडं उचलून नाव वाचत आणि ते भांडं त्या बाईच्या ढिगात जाई. वकिलाची गरजच नव्हती. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मोठ्या आईला तिच्या मामाने दिलेली परात काही निघेना. ती कुणाच्या चुलीपाशी शेवटची दिसली होती, हे मोठ्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं. आईने सगळ्यांसमोर तुळशीला हात लावून शपथ घेतली, माझ्याकडे नाही.

शपथ खरी होती, निदान तिच्या समजुतीप्रमाणे. सहा महिन्यांनी कोठीतली तुरीची पोती हलवली तर खाली गुळाची ढेप आणि ढेपेवर झाकण म्हणून परात. मुंग्या लागू नयेत म्हणून आईनेच ती पालथी घातली होती आणि विसरली होती. तेव्हा ती उचलून भिंतीपलीकडे नेऊन दिली असती तर दोन दिवस टोमणे खाऊन भागलं असतं. पण शपथ मध्ये आली. डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन एक बाई गल्लीतून जात होती. आईने तिला मागच्या दाराने आत घेतलं आणि परात तिच्या काट्यावर तोलून, मोडीत घालून स्टीलचं पिंप घेतलं.

हे सगळं आईने मला त्या दिवशी सांगितलं, स्टँडपासून बाजारापर्यंत, तुकड्यातुकड्यांनी, पुढे बघत. मी हं हं करत होते. मला यातलं सगळंच ठाऊक होतं, पण ते मी बोलले नाही.

आता तिचा बेत असा होता. तेवढीच, तशीच जुनी परात घ्यायची, तिच्यावर जुन्या पद्धतीने मोठ्या आईचं नाव घालून घ्यायचं, आणि कोठी आवरताना सापडली म्हणून लग्नाआधी नेऊन द्यायची. बेत ऐकून माझेच पाय दुखायला लागले.

बाजाराच्या कडेला जुन्या सामानाची रांग बसते. कंदील, शिवणयंत्राचे पाय, रेडिओची खोकी, एका पायाची बाहुली, चष्म्यांचा ढीग. एप्रिलचं ऊन गोणपाटावर पसरलेल्या लोखंडावर पडून परत आपल्याच तोंडावर येत होतं. आई प्रत्येक ठिकाणी उकिडवी बसे, वितीने परात मोजे, कडेवर नख मारून आवाज ऐके, पालथी करून नाव वाचे आणि गुडघ्यावर हात ठेवून उठे. अकरा वेळा बसली, अकरा वेळा उठली. उठताना दर वेळी म्हणे, झालं आता, एकच पाहू. मी मोजायचं सोडून दिलं ते बाराव्या वेळी.

अडचण मापाची नव्हती. माप दोन ठिकाणी जमलं. अडचण अशी की कुठलीच जुनी परात कोरी नव्हती. कुणाच्या आत्याने दिलेली, कुणाच्या मामंजींनी, कुणाच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून. सगळ्या बाया आपापली नावं घेऊन उन्हात पालथ्या पडल्या होत्या. आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचायची ती मोठ्याने. एका ठिकाणी वाचता वाचता गप्पच झाली. नाव आमच्या ओळखीचं नव्हतं. खाली साल नुसतं सहा वर्षांपूर्वीचं होतं, एवढ्यातच परात भंगारात आली होती.

दुपारी रसवंतीवर अर्धा अर्धा ग्लास घेतला. आईने चप्पल काढून पाय बाकाच्या गार नळीला लावले आणि डोळे मिटले. मला वाटलं सुटलो. पण रसवंतीवाल्याने विचारलं नसताना सांगितलं की रूपरावकडे जा, त्याच्याकडे जुनं पितळ येतं.

रूपराव भंगारवाला होता, पण दुकानात पंखा लावलेला आणि भांडी चिंचेने उजळून ओळीने मांडलेली. नागपूरच्या बंगल्यांतली मंडळी यायची, घंगाळात कुंडी ठेवायला, परातीत पाणी घालून फुलं सोडायला. हे त्याने आईला समजावून सांगितलं. आई त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्याने देव्हाऱ्यात चप्पल ठेवल्याचं सांगितलं.

परात मात्र तिथेच मिळाली. अडीच वीत, कडेला तशीच दुहेरी मुरड, तेवढीच जड. साडेसातशे म्हणाला. आईने मोडीचा भाव काढला. तो म्हणाला, मावशी, मोडीचा भाव देणाऱ्याले असते, घेणाऱ्याले नाई. आईने परातीला पडलेले पोचे दाखवले. त्यावर तो म्हणाला की पोचे आहेत म्हणून तर महाग, नागपूरवाल्यांना त्याशिवाय जुनी वाटत नाही. हे ऐकून मलाच हसू आलं. अशा दुकानदारापुढे घासाघीस करण्यात अर्थ नसतो, तरी मी केली आणि सहाशेवर आणली.

पालथी केली तर तिच्यावरही नाव होतं. "सौ. जयवंता हिस वडिलांकडून, १९६४." रूपराव म्हणाला, मागे सदाशिवराव बसतात, ते मशीन लावून घासून देतील, पत्ता लागणार नाही.

सदाशिवराव सत्तरीचे असतील. पुढ्यात लाकडी ठोकळा, त्यावर छिन्नी आणि छोटी हातोडी. शेजारी नाव घालायचं विजेचं मशीनही होतं, पण टोचून घातलेली अक्षरं अजून त्यांच्या हातात होती. त्यांनी परात मांडीवर घेतली, जयवंताच्या नावावरून अंगठा फिरवला आणि विचारलं की काय घालायचं.

आई पाठ केल्यासारखं सांगू लागली. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी देवका हिस, मामा चंद्रभान यांजकडून, एकोणीसशे अडुसष्ट.

त्यांनी चष्म्यावरून आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एप्रिल महिन्यात, दोन हजार दोन साली, अडुसष्टची परात बनवून मागणारी ती काही पहिली बाई नसावी. ते मशीनची वायर लावायला वाकले. "हे पह्यले काढून घेतो. जयवंताबाईचं."

मशीन घरघरलं. आई उभी होती, ती ठोकळ्याशेजारच्या स्टुलावर बसली. दिवसातलं ते तिचं पहिलं नीट बसणं.

"थांबा जराक," ती म्हणाली.

मशीन बंद झालं. आई परातीकडे बघत होती. सकाळपासूनची सगळी ऊनपायपीट तिच्या खांद्यांवर उतरून बसली होती.

"राहू द्या तिचं नाव. खाली जागा हाये, तिथं घाला."

"दोन नावं दिसतीन मग, बाई."

"दिसू द्या. देवकाबाईस, मनकर्णाबाईकडून. असं घाला."

"अन् साल?"

"आत्ताचंच घाला बापा. आता कोणतं घालता."

मनकर्णाबाई म्हणजे ती स्वतः. सदाशिवरावांनी मशीन बाजूला सारून छिन्नी उचलली. टक टक टक, एकेका ठिपक्याने अक्षरं उतरू लागली. पाऊण तास लागला. त्यात आईने दोनदा डुलकी काढली.

स्टँडवर पाच वाजता बाकावर जागा मिळाली. तिची अल्लीपूरची गाडी यायची होती, माझी देवळीचीही. परात पिशवीत मावली नाही, म्हणून तिने ती मांडीवर उभी धरली होती. येणारेजाणारे नाव वाचत होते. मी तिला म्हटलं की उद्या दुपारी मोठी आई एकटी असेल तेव्हा गुपचूप नेऊन दे, मांडवात नको. वाचणारे वाचतील आणि जुनं सगळं निघेल.

"शपथ अंगणात घेतलती ना. सगळ्याइसमोर." तिने पायाने चप्पल शोधली. "मांडवातच देईन."

थोड्या वेळाने ती माझ्याकडे न बघता बोलली.

"तू तवा काट्यापाशीच उभी होती. नाव वाचलं होतं तू. वाचून बी तू त्या बाईले म्हणली, वजन पुरं जास्त हाये, पिंपावर सहा चमचे द्या."

बारा वर्षं मी समजत होते की मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. सतरा वर्षांची होते. चमचे मिळवले म्हणून मला केवढी शाबासकी हवी होती, आणि आईने ते माझ्या रुखवतात घातले होते.

"अजून हायेत का?" तिने विचारलं.

"चार आहेत. दोन हरवले."

अल्लीपूरची गाडी लागली. मी परात धरली, ती दांडा पकडून चढली, मग मी परात तिच्याकडे वर दिली. खिडकीजवळ बसून तिने ती परत मांडीवर उभी केली, नाव बाहेरच्या बाजूला.

"मंगळवारीच येजो लग्नाले," ती खिडकीतून म्हणाली. "अन् देताना जवळ उभी राह्यजो. चमचे आण सोबत."