नत्थूजींचं बोट

"नत्थूजी, या समोर. बोट द्या."

सौरव सरांनी हाक मारली तशी वर्गातल्या बत्तीस पोरापोरींनी माना उंच केल्या. नत्थूजी पुढे आले. डाव्या हाताची अनामिका त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, सुई टोचली आणि पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब शेजारी शेजारी ठेवले. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. बोटाच्या टोकाला त्या जागी एक घट्टा पडला होता.

सरांनी निळ्या बाटलीतलं रक्तगट ओळखायचं सिरम पहिल्या थेंबावर सोडलं. काडी फिरवली, तसं दूध नासावं तसं रक्त फुटलं, गुठळ्या गुठळ्या झाल्या. मग पिवळी बाटली. काडी फिरली. रक्त होतं तसंच राहिलं, गुळगुळीत, एकसारखं.

"निळ्यात फुटलं, पिवळ्यात नाही. म्हणजे नत्थूजींचा गट?"

"ए!" वर्ग ओरडला.

नत्थूजींनी कोंडलेला श्वास हळूच सोडला. तिसऱ्या बाकावर मयुरी बसली होती. तिनं वहीत लिहिलं. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण पेन हललं ते त्यांना दिसलं.

मयुरी त्यांची मुलगी. हे त्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "बाबा, तिथं मले हाक नका मारू. मी बी तुमाले नत्थूजीच म्हणीन. सगळे म्हणतेत तसं." बाप प्रयोगशाळेत काचा धुतो हे मैत्रिणींना कळू नये, एवढीच तिची इच्छा. त्यांनी ती मान्य केली. फक्त दुपारी दीड वाजता मागच्या खोलीत कोणी नसलं की ती मांजरीसारखी आत यायची, त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी उभ्या उभ्या खायची नि पदार्थाला नावं ठेवत निघून जायची. त्या दहा मिनिटांवर नत्थूजींचा दिवस चालायचा.

आता, त्या पिवळ्या बाटलीत सिरम नव्हतंच. मिठाचं पाणी होतं, आणि रंगाला जिलबीत घालतात तो पिवळा रंग. सकाळी साडेसातला कुलूप उघडून नत्थूजींनी स्वतःच्या हातानं ते भरलं होतं.

त्याचं असं झालं. नत्थूजी उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडले तेव्हा नागपुरात आले आणि या कॉलेजात परिचर म्हणून लागले. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभा असतो. आख्यान बुवांचं, पण शब्द न् शब्द टाळकऱ्याला पाठ. बुवांचा श्वास कुठे तुटणार, तेही त्याला ठाऊक. तसे नत्थूजी जीवशास्त्राच्या आनंदराव सरांच्या मागे उभे राहिले. सर फळ्यावर लिहीत: पोराला प्रत्येक गुण दोन भागांनी मिळतो, एक आईचा, एक बापाचा. ओ गट व्हायला दोन्हीकडून ओ लागतो. ज्याचं रक्त दोन्ही बाटल्यांत फुटतं तो एबी. त्याच्याजवळ द्यायला ओ नसतोच. "म्हणून एबी बापाच्या घरी ओ पोर जन्माला येत नाही," असं म्हणून सर खडू खाली ठेवत, आणि नत्थूजींच्या बोटाकडे बघून म्हणत, "हे आमचे एबी!" पोरं हसत. नत्थूजीही हसत.

लग्नानंतर सात वर्षं पाळणा हलला नव्हता. मग एका उन्हाळ्यात जिजाबाई उमरेडला माहेरी चार महिने राहून आल्या, आणि पुढच्या फाल्गुनात मयुरी झाली. दवाखान्यानं कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, ओ.

दुसऱ्या कोणा विणकराला त्या अक्षराचा अर्थ कळला नसता. नत्थूजींना कळला. आख्यान पाठ होतं ना! ते कार्ड घेऊन ते जिन्यात बराच वेळ बसून राहिले. घरी आल्यावर त्यांनी ते देवाच्या पेटीत तळाशी ठेवलं आणि पोरीला उचलून घेतलं. त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीला देवळात बुवांनी नंदाची गोष्ट लावली. बुवा म्हणाले, "यशोदेला सगळे गातात रे बाबांनो, नंदाला कोण विचारतो? त्याला कळलं नसेल का? कळलं असेल. कळलं असेल तर त्यानं ते पाळण्याच्या दोरीला गाठ मारून बांधलं, आणि झोका दिला." मागे टाळ धरून उभ्या नत्थूजींचा त्या दिवशी एक ठोका चुकला. बुवांनी मागे वळून पाहिलं. आयुष्यात ती एकच चूक.

आणि आशेचं एक दार त्यांनी राखून ठेवलं होतं. आनंदराव सर तासाच्या शेवटी सांगत, दहा हजारांत एखादा असा निघतो, की दिसतो ओ पण आत आईबापाकडून आलेला ए किंवा बी दडलेला असतो. पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला बॉम्बे गट म्हणतात. दहा हजारांत एक! नत्थूजींनी कधी तपासून पाहिलं नाही. उघडून पाहिलं नाही, म्हणूनच ते दार होतं.

आनंदराव सर निवृत्त झाले. नवे सौरव सर यंदाच आले. नत्थूजी दर वर्षी बोट देतात एवढंच त्यांनी ऐकलेलं. गट कोणता ते माहीत नाही. वहीत एक नवा तक्ताही त्यांनी घातला होता: आई, वडील, मी. नत्थूजींनी रजा मागितली. "प्रॅक्टिकलच्या दिवशी रजा? कमाल करता," म्हणून सरांनी अर्ज परत केला. मग जिलबीचा रंग आणावा लागला.

पोरापोरींनीही आपापली बोटं टोचून पाहिली. सगळं पार पडलंही असतं. पण शेवटच्या बाकावरचा विक्रम म्हणाला, "सर, तुमचं बी दाखवा न. का सुईले भेता?"

वर्ग खिदळला. सरांनी हसत बोट टोचलं. "माझा बी आहे. बघा, पिवळ्यात फुटेल."

फुटलं नाही.

सरांनी पुन्हा थेंब टाकला. पुन्हा ढवळलं. बाटली उजेडाकडे धरली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"नत्थूजी, हे सिरम फ्रिजमध्ये होतं का?"

एक क्षण. तेवढ्यात नत्थूजींनी सव्वीस वर्षं मोजली आणि सोडून दिली.

"नाही सर. चुकलं. बाहेर राहिलं."

"बाहेर राहिलं? अहो, रोगी माणसाला असं चुकीचं रक्त चढलं तर मरतो तो! तुमच्या भरवशावर मी बत्तीस मुलांना खोटं शिकवत होतो. रिटायरमेंटला दोन महिने राहिले म्हणून हात झटकले का कामातून? लेखी द्या मला. आणि सगळ्यांनी पुसून टाका लिहिलेलं. उद्या नवी पेटी आणतो, परत करू."

"नत्थूजीले बी फ्रिजमंधी ठेवा सर, टिकतीन," विक्रम म्हणाला. हशा पिकला. त्यात एक हसू तिसऱ्या बाकावरचं होतं.

त्या दुपारी दीड वाजता मागच्या खोलीत कोणी आलं नाही.

संध्याकाळी मयुरी घरी आली ती बॅग फेकूनच. जिजाबाई पोळ्या लाटत होत्या.

"मले इतकी लाज वाटली न आई! पूर्ण क्लास हासून राहिला होता. एक काम, एकच काम त्याईले, बाटली फ्रिजमंधी ठेवाचं. तेबी जमत नाही."

"अवं हळू बोल. बाप आहे तो तुहा."

"तेच तं नशीब. बरं झालं, मी बाबाच्यावर गेली नाही. डोस्क्यानं बी नाही अन् रक्तानं बी नाही. निळ्या बाटलीत यायचं फुटलं, माहं नाही. एवढं तं पक्कं न? माहा ओ. यायचं काहीच घेतलं नाही म्या."

नत्थूजी दारात चपला नीट जोडून ठेवत होते. त्यांनी त्या पुन्हा नीट केल्या.

मयुरी आत गेली. जिजाबाईंचं लाटणं थांबलं होतं.

"अवो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "छब्बीस सालात तुमच्या हातून काही खराब नाही झालं. आजच काहून झालं?"

"झालं."

"तुमचा गट कोणता आहे?"

"तुले काय कराचं आहे वं?"

जिजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं पाहिलं. तव्यावरची पोळी फुगली, करपली, धूर निघाला. दोघांपैकी कोणी ती उतरवली नाही. मग त्यांनी पदरानं डोळे नाही, हात पुसले आणि दुसरी पोळी लाटायला घेतली. मागावर धागा तुटला की विणकर बोटाला राख लावून दोन टोकं चोळतो, नि गाठ न मारता सांधतो. कापड निघतं. पण सांधलेल्या जागेवर कोणी बोट ठेवलं की ती जागा सुटते, हे दोघांनाही घरचं ज्ञान होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवी पेटी फोडली. निळी, पिवळी, आणि एक तिसरी छोटी बाटली.

"चला नत्थूजी. कालची भरपाई करा."

नत्थूजी जागचे हलले नाहीत. "सर, आज दुसऱ्या कोणाचं घ्या न. बोट सुजलं आहे."

"दुसऱ्या हाताचं द्या."

"नत्थूजी! नत्थूजी!" विक्रमनं बाकावर ताल धरला. मागचा बाक, मग मधला, मग सगळा वर्ग. ताल पक्का होता, टाळकऱ्यानंही मान डोलवावी असा. आणि त्यात त्यांना तिचा आवाज ऐकू आला. स्वच्छ, खट्याळ. वेगळी पडू नये म्हणून ती सगळ्यांत जोरात ओरडत होती.

"द्या न नत्थूजी! काय घाबरता?"

ती मागत होती. तिनं मागितलेलं त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. उजव्या हाताची अनामिका त्यांनी पुढे केली.

निळ्यात फुटलं. पिवळ्यातही फुटलं.

"वा! एबी!" सर खूश झाले. "हे उत्तम उदाहरण. लिहून घ्या: एबी बापाला ओ मूल होत नाही. कधीच नाही."

"पण सर," नत्थूजींच्या तोंडून निघून गेलं, "आनंदराव सर सांगत, दहा हजारांत एक..."

सगळ्यांनी वळून पाहिलं. टाळकरी बुवांच्या मध्ये बोलला होता.

"अरे वा, नत्थूजींना बॉम्बे गट माहीत आहे!" सर म्हणाले. "बरोबर आहे. त्यासाठीच ही तिसरी बाटली. साधा ओ असेल तर यात फुटतो. बॉम्बे असेल तर फुटत नाही. ओ गट कोणाचा आहे? तू ये. हो, तूच, तिसरा बाक."

मयुरी पुढे आली. एव्हाना तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. तिनं नत्थूजींच्या टाइलकडे पाहिलं, तिथले दोन्ही थेंब फुटलेले. मग फळ्याकडे. मग नत्थूजींकडे, आणि या वेळी ते नजर वळवू शकले नाहीत. काल पिवळी बाटली का बिघडली, हे त्या क्षणी तिला कळलं. पोरगी हुशार होती. त्यांनीच तिला विज्ञानाला घातलं होतं.

तिनं बोट पुढे केलं. सुई नत्थूजींनाच टोचावी लागली, कारण ते त्यांचं काम होतं. तिला दुखू नये म्हणून त्यांनी ती अगदी हलक्या हातानं टोचली.

तिसऱ्या बाटलीतला थेंब पडला. रक्त लगेच फुटलं.

"साधा ओ," सर म्हणाले. "बस जागेवर."

त्या दिवसापासून घरात 'बाबा' हा शब्द कोणी उच्चारला नाही. भांडण नाही, रडणं नाही. मयुरी जेवत होती, अभ्यास करत होती, आईनं विचारलं तेवढ्याला उत्तर देत होती. जिजाबाई कोणाकडेच वर मान करून बघत नव्हत्या.

शनिवारी तपासलेल्या वह्या शिक्का मारायला नत्थूजींच्या टेबलावर आल्या. बत्तीस वह्या. सोळावी मयुरीची होती. तक्त्याचं पान त्यांनी उघडलं.

मी: ओ. आई: बी. वडील यापुढचा कागद ब्लेडनं खरवडलेला होता. पान उजेडाकडे धरलं तर खाली 'एबी' ही अक्षरं अजून दिसत होती. त्यावर तिनं आपल्या सुंदर, गोल अक्षरांत लिहिलं होतं: माहीत नाही.

त्यापुढे सरांनी लाल शाईनं बरोबरची खूण केली होती.

नत्थूजींनी शिक्का पॅडवर दाबला आणि पानाच्या कोपऱ्यात मारला. सरळ उमटला, जराही न फिस्कटता. मग सतरावी वही घेतली.

बत्तीस झाल्या तेव्हा दीड वाजला होता. त्यांनी डबा उघडला, पोळी-भाजीचे सवयीनं दोन भाग केले, आणि दाराकडे पाठ करून आपला भाग सावकाश खाल्ला. उरलेल्या अर्ध्यावर झाकण बसवलं आणि डबा घरी न्यायच्या पिशवीत ठेवला.