गुणी बाळ

योगिनी सिस्टरच्या हाताखाली शिकलेल्या मुली ठाण्यातल्या निम्म्या दवाखान्यांत पसरल्यात, आणि तिची बोलणी न खाता त्यांतली एकही सुटलेली नाही. बावीस वर्षं बालरोग विभागात गेली तिची. वॉर्डात शिरली की आधी कुठल्या बाळाला हात लावायची नाही, लांबून नुसती बघायची. श्वास मोजायचे तर पूर्ण मिनिट मोजायचे, अर्ध्या मिनिटाची दुप्पट केलेली तिला चेहऱ्यावरून कळायची. बाळ पिवळं वाटलं तर खिडकीशी न्यायचं, उजेडात कपाळावर अंगठा दाबायचा, मग छातीवर, मग पोटावर, मग तळपायावर. पिवळेपणा जितका खाली उतरलेला तितका धोका मोठा. आणि तिचं ठरलेलं वाक्य, "रडणाऱ्या पोराला घाबरू नका गं. गप्प पडलेल्याला घाबरा."

एवढं सगळं ज्या बाईला येतं, तिच्या माहेरी पोराबाळांचं दुसऱ्या कुणाला विचारायची सोयच नव्हती. माहेर मोहन्याला. वडील तिथल्या कंपनीत होते, ते गेले. आता आई विमलाबाई, धाकटा भाऊ प्रशांत आणि त्याची बायको मृणाल. शेजारच्या चार घरांतल्या पोरांचा खोकलासुद्धा विमलाबाईंच्या मोबाइलवरून कळव्याला योगिनीकडे पोचायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध द्यायचं की नाही, ते योगिनी ठरवायची. योगिनीला त्याचा कंटाळा यायचा, असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

मृणालची आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. मंगळवारी पहाटे कल्याणच्या नर्सिंग होममध्ये मुलगा झाला. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कोरं लावायचं नाही, घरातल्या धडधाकट वाढलेल्या मुलाचं जुनं घालायचं, ही विमलाबाईंच्या घरची रीत. घरात धडधाकट वाढलेला मुलगा म्हणजे योगिनीचा सुमित, एकोणीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा. त्याची झबली, टोपडी, दुपटी योगिनीने कळव्याच्या घरात माळ्यावरच्या पेटीत जपून ठेवली होती. दर दिवाळीच्या आधी ती पेटी खाली काढायची, विरून बारीक झालेल्या डांबरगोळ्या बघायची आणि मूठभर नव्या टाकायची. कपड्याला कसर लागलेली तिला खपत नसे. ते गाठोडं तिने स्वतः नर्सिंग होममध्ये नेऊन दिलं आणि विमलाबाईंच्या हाताने बाळाला पहिलं झबलं चढवलं गेलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

गुरुवारी बाळ-बाळंतीण घरी आली. संध्याकाळी विमलाबाईंचा फोन आला.

"अगं, मृणाल म्हणते कपड्यांना उग्र वास येतोय. धुवायला काढू का सगळे?"

"काय गरज नाही. मी धुऊनच ठेवलेत. डांबरगोळीचा वास आहे, जाईल दोन दिवसांत." योगिनी तेव्हा औषधांच्या ट्रॉलीशी उभी होती, फोन खांद्याने कानाशी धरलेला. "आणि धुऊन ह्या दमट हवेत वाळायचे नाहीत. ओलं घालाल नि सर्दी कराल त्याला."

"बरं. आणि जरा पिवळं वाटतंय गं पोर. डॉक्टरांनी शनिवारी दाखवायला आणा म्हणून सांगितलंय."

"तिसऱ्या दिवशी सगळीच पिवळी होतात, आई. सकाळी कोवळ्या उन्हात धर. शनिवारी तर पाचवी ना? त्या गडबडीत कुठे कल्याणला नेतेस ओल्या बाळंतिणीला. सोमवारी न्या. तोवर मी आहे ना."

एवढंच. मिनिटभराचा फोन. वॉर्डात एखाद्या शिकाऊ मुलीने न बघितलेल्या बाळाबद्दल असं ठोकून दिलं असतं, तर योगिनीने तिला सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं.

शुक्रवारी तिने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, म्हणजे मनात कुठेतरी होतं तिच्या. मृणाल आत झोपलेली. विमलाबाईंनी ट्यूबलाइटखाली बाळ धरलं, फोन हलत होता, पडद्यावर कधी कपाळ दिसे, कधी पलंगाची कड. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळं कळत नाही, हे ती दर वर्षी नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगते. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. दर दोन तासांनी पाज." आपल्याच घरात काही वाईट होईल, हे माणसाचं डोकं मान्यच करत नाही, नर्सचंही नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती रुचिता नावाच्या नव्या मुलीला बाळाचं वजन कसं घ्यायचं ते दाखवत होती. फोन वाजला. विमलाबाईंचा आवाज आनंदात होता. पाचवीची तयारी चालली होती, पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता, संध्याकाळी पाच बायका जेवायला येणार होत्या.

"तू पाचपर्यंत ये गं. आणि तुझा भाचा काय गुणी आहे म्हणून सांगू. काल रात्रीपासून रडणं म्हणून नाही. प्यायलासुद्धा उठवावं लागतं, दोन घोट घेतो की झोपला."

वजनकाट्यावरचं बाळ योगिनीने रुचिताच्या हातात दिलं.

"आई, लंगोट बघ. शू कुठल्या रंगाची होतेय?"

"शू होय? कपडाच जुना गं, डाग पडलेत. चहासारखे."

"ते डाग सुमितचे नाहीत," योगिनी म्हणाली. "रिक्षा बोलाव आणि आत्ताच्या आत्ता त्याला कल्याणला मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात ने. प्रशांतला फोन करते मी."

"आज? पाचवी व्हायच्या आधी उंबरा ओलांडायचा? योगिनी, काहीतरीच काय. तू ये, तू बघ, मग तू म्हणशील ते."

तिने तीनदा सांगितलं. आई तीनदा तेच म्हणाली. इतकी वर्षं तिनेच ह्या घराला शिकवलं होतं की डॉक्टर काहीही म्हणोत, योगिनीने बघितल्याशिवाय काही ठरत नाही. आता ते शिकवणं घट्ट बसलं होतं.

प्रशांत डोंबिवलीला कंपनीत होता, त्याचा फोन लागेना. योगिनी युनिफॉर्मवरच टॅक्सी करून निघाली. कोनगावाजवळ ट्रकांची रांग लागलेली, टॅक्सीवाला इंजिन बंद करून बसला. ती मनातल्या मनात तास मोजत होती. मंगळवार पहाट ते शनिवार दुपार. कालचा व्हिडिओ. गुरुवारचा फोन. दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत तिला कळून चुकलं होतं की नुसत्या चौथ्या-पाचव्या दिवसाच्या काविळीत लघवी चहासारखी होत नाही. रक्त फुटत होतं त्या पोराचं. पण का, ते तिला कळत नव्हतं.

मोहन्याच्या घराचं दार उघडं होतं. आतली खोली बाळंतिणीची म्हणून खिडकी लावून घेतलेली, एका कोपऱ्यात शेगडी, ओवा-बाळंतशेपांचा धूर. ती दारात आली आणि त्या धुरावर मात करून दुसराच वास नाकात शिरला. गोडसर, उग्र. तिच्या माळ्याचा वास.

तिथेच कळलं तिला. पुस्तकात एक ओळ असते, काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो, डांबरगोळीच्या वासानेसुद्धा त्यांचं रक्त फुटतं. ती ओळ तिने कितीतरी बॅचना वाचून दाखवली होती. आणि तरीही दर दिवाळीला मूठभर गोळ्या टाकत आली होती, कारण पुस्तकातली मुलं ही दुसऱ्यांची असतात.

"खिडकी उघड," ती म्हणाली. बाळाला उचलून उजेडात नेलं. अंगठा कपाळावर, छातीवर, पोटावर. मग तळपाय. इवलासा तळपाय हळद लावल्यासारखा पिवळा. बाळ सैल लोंबत होतं. तिने झबलं ओरबाडून काढलं तेव्हा ते रडलं एकदाचं, पण बारीक, किंचाळल्यासारखं, आणि मान मागे ताणून धनुष्यासारखं वाकलं. मृणाल पलंगावर उठून बसली.

"ताई, काय झालं त्याला?"

"काही नाही, आपण निघतोय. तुझी ओढणी दे. टोपडं नको. दुपटं नको. ह्यातलं काहीही नको."

मृणाल चपला शोधत असताना विमलाबाई मुलीच्या अगदी जवळ आल्या. "कपड्यांचं काय, योगिनी?"

"गोळ्या, आई," ती पुटपुटली. "त्या गोळ्यांनी झालंय."

पाट्यावर वाहिलेली फुलं तशीच ठेवून विमलाबाईंनी दाराला कुलूप लावलं.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, काविळीचा आकडा आला एकतीस. वीसलाच वॉर्डात पळापळ होते, हे योगिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. निळ्या दिव्यांखाली ठेवून भागणार नव्हतं; बाळाचं सगळं रक्त थोडं थोडं करून बदलायचं होतं. प्रशांत डोंबिवलीहून धापा टाकत आला आणि सह्या करत सुटला. दोन तास चौघं बाकावर बसून होती. आत काय चाललं असेल त्याची पायरी न् पायरी योगिनीच्या डोळ्यांसमोर येत होती. न कळणाऱ्यांचा तिला पहिल्यांदाच हेवा वाटला.

चारच्या सुमाराला डॉक्टर गुरुदत्त बाहेर आले. तरुण, थकलेला माणूस. "पहिली फेरी नीट झाली. आकडा उतरतोय, बाळ जगेल असं वाटतंय. मेंदूला आणि कानांना किती धक्का बसलाय, ते मात्र आज नाही सांगता येणार. तीन महिन्यांनी कानांची तपासणी करू, मग वर्षभर लक्ष ठेवायचं." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "रक्तात एक दोष असावा, त्याची तपासणी पाठवलीय. एरवी अशा मुलांना आयुष्यभर काही होत नाही. पण काहीतरी लागलंय त्याला. घरात डांबरगोळ्या वापरल्यात? आणि नर्सिंग होमच्या कागदावर आज दाखवायचं लिहिलंय, मग सकाळीच का नाही आणलंत?"

योगिनीने तोंड उघडलं. शब्द ओठांवर आले होते, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. पण विमलाबाई तिच्या आधी उठल्या.

"माझं काम ते, डॉक्टर. पोरीने धुतलेले कपडे दिलेले. मीच गाठोड्यात गोळ्या टाकल्या, झुरळं फार आमच्याकडे. आणि पाचवी आहे म्हणून मीच नेऊ दिलं नाही. ही सकाळपासून फोनवर ओरडतेय, ने म्हणून."

कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. मृणाल सासूकडे बघत राहिली.

"मी म्हणालेले तुम्हाला," ती म्हणाली. "गुरुवारी म्हणालेले, आई, वास येतोय. धुवूया म्हणालेले."

"हो गं बाई. म्हणालेलीस."

"आई, तू पण ना," प्रशांत एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

विमलाबाई योगिनीकडे वळल्याच नाहीत. आता बोललं तर आई खोटी ठरेल, असं योगिनीने स्वतःला सांगितलं. मृणालची अवस्था नाजूक आहे, असंही सांगितलं. डॉक्टरांना गोळ्यांचं कळलंय, औषधोपचारात काही अडत नाही, हेही सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्ही मिळून एक धडधडीत खोटं होतं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून आत गेले. विमलाबाई जिन्यापाशी जाऊन, पदर सावरून, पायरीवर एकट्या बसल्या.

मृणालने योगिनीचा हात धरला.

"ताई, मला एक वचन द्या. ह्यापुढे आईंना मी त्याला हात लावू देणार नाही. घरी गेलो की त्याचं सगळं, खाणं, कपडे, औषध, मी फक्त तुम्हाला विचारून करणार, तुम्ही नाही म्हणायचं नाही. तुम्ही नसतात तर आज तो गेला असता."

योगिनीने जिन्याकडे बघितलं. आईची पाठ दिसत होती.

"विचार ना," ती म्हणाली. "केव्हाही फोन कर."