अर्धशिशी आणि नवऱ्याचं नाव

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अकोल्याच्या बाजारात कापूस भलताच तोऱ्यात आला. सहदेवनं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्याच्या बायकोच्या, जयवंताच्या वाट्याला अर्धशिशी होती, ती तशीच राहिली.

अर्धशिशीला ती भीत नव्हती. आधी डोळ्यांपुढे ठिणग्यांची नागमोड, मग अर्ध्या डोक्यात घण. सूर्य कलला की उतार. पण माहेरी, मोर्शीला, तिच्या आईचंही असंच होतं. एके दिवशी सूर्य बुडाला तरी आईचा उजवा हात उचलेना, जीभही वळेना. "अर्धशिशी पाहुणी असते, लकवा घरजावई," आत्या म्हणाली होती.

आज ठिणग्यांमागून जयवंताचा उजवा हात बधिर झाला. मांडीवरचं तान्हं निसटलं. सासूनं, गोदाबाईनं ते वरच्या वर झेललं आणि हकिमाला आणायला गाडी पिटाळली.

लकवा झालेल्या बाईचं दूध लेकराला पाजू नये, असं घरात मानत. थोरली जाऊ सुभद्रा, पोटी मूल नसलेली, हातपाय धुऊन लेकरू न्यायला दाराशी तयार उभी होती.

अब्दुल सत्तार हकिमांनी नाडी पाहिली. "हाताचं मागून पाहू. जबान चालते का पाहू. बेटी, नवऱ्याचं नाव सांग."

जयवंतानं डाव्या हातानं पदर पुढे ओढला. समोर सासू, ओसरीवर दीर, आणि खुद्द नवरा. ती गप्प.

हकिमांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा गप्प.

"जबान गेली," हकीम म्हणाले.

"अवं, उखाण्यात घे ना!" गोदाबाई ओरडली.

फुटत्या डोक्यात यमक कुठून येणार?

सुभद्रेनं लेकरू उचललं. ते रडलं, आणि जयवंताची चोळी दुधानं भिजली.

"सहदेव!" ती म्हणाली. मग कोणाला शंका राहू नये म्हणून, "सहदेव वल्द किसनराव!"

म्हणजे सासऱ्याचंही आलं. ओसरीवर दीर खोकले. सहदेव बैलांच्या शिंगांकडे बघत राहिला.

"लकवा नाही," म्हणत हकिमांनी बटवा आवळला.

उन्हं कलली तशा बोटांत मुंग्या आल्या. जयवंतानं एकेक बोट हलवून पाहिलं. गोदाबाईनं लेकरू तिच्या पदराखाली सरकवलं.

"घे. अन् आता पुन्हा नाव घेशीन तर पाहजो."

दाराशी जाऊन ती थांबली.

"डोकं दुखलं तर घेत जाय. मी इचारत जाईन."