मांडीवरची ओल

पहिला घास बन्सीबापूंच्या धोतरावर पडला आणि दुसरा थेट कपाळावर, टोपीच्या काठाखाली. दहीभात होता. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोरगं चमचा हिसकावून घेऊन आता तिसऱ्याची तयारी करत होतं.

“अरे शिवराज! सॉरी हं आजोबा, खरंच सॉरी.” बाईनं एका हातानं डबा सावरला, दुसऱ्या हातानं पोराचं मनगट धरलं आणि पुसायला तिसरा हात नव्हता म्हणून नुसती ओशाळून बघत राहिली.

“असू दे बाई. दहीभातच हाय, त्याला काय व्हतंय.” बापूंनी कपाळावरची शितं बोटानं टिपली आणि कुठं टाकावीत ते न कळून तोंडात टाकली. पोरगं खदखदून हसलं.

पलीकडच्या खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसलेला तरुण माणूस मात्र हसला नाही. त्यानं आधी आपली पँट तपासली, मग बाईकडं पाहिलं. बंगळूरहून सुटायच्या आधी विमान बराच वेळ नुसतंच उभं होतं, तेव्हापासून त्याच्या कपाळावर आठी होती आणि ती आता मुक्कामालाच आली होती.

बाईचं नाव करुणा. माहेर चिकलठाण्याजवळच्या सिडकोत, भावाच्या लग्नाला निघालेली. नवऱ्याला सुटी मिळाली तर तो मागून येणार होता. पोराला अजून दोन वर्षं पुरी नव्हती, त्यामुळे त्याला स्वतःची खुर्ची नव्हती. आईची मांडी हीच त्याची खुर्ची, तेच ताट आणि तेच रणांगण. हे सगळं तिनं बापूंना न विचारताच सांगून टाकलं. पोर कधीही घोटाळा करील, त्याआधी आपली बाजू मांडून ठेवावी, अशा घाईनं.

“तुम्ही कुणाकडं गेला होतात आजोबा?”

“लेकाकडं. नातू बघाया.”

“हो? केवढा आहे?”

“ह्याच्याएवढाच.”

“मग खूप रमला असाल.”

बापूंनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं ढगांशिवाय काही नव्हतं. “व्हय,” ते म्हणाले.

रमायला म्हणूनच तर गेले होते. गोकुळला मुलगा झाला तेव्हापासून बापूंनी नातू बघितला तो फोनच्या काचेत. जाताना त्यांनी करमाडच्या सुताराकडून सागवानी पांगुळगाडा करून घेतला आणि बोचक्यात बांधून, लोकांची बोलणी खात बंगळूरपर्यंत नेला. गोकुळच्या घरी भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, फरशी तर ताकासारखी. पांगुळगाड्यानं फरशीवर ओरखडे उठतात म्हणून तो गॅलरीत उभा राहिला. तो तिथंच राहिला.

सून सायली वाईट नव्हती. उगाच कुणाच्या लेकीला नावं ठेवायची बापूंची रीत नव्हती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण स्वच्छ. पण बापू नातवाकडं वळले की ती हळूच म्हणायची, “बाबा, आधी हात.” बापू उठून हात धुऊन येईपर्यंत नातू, ऋतुराज, त्याला सांभाळायला ठेवलेल्या मावशीच्या कडेवर पोचलेला असायचा. त्याला जेवू घालायचं मावशीनं, झोपवायचं मावशीनं. बापूंनी हात पुढं केले की ऋतुराज मावशीच्या खांद्यात तोंड खुपसायचा. पोराचा काय दोष? ते ज्याच्या अंगावर वाढतं त्याचं होतं. बापू धुतलेले हात मांडीवर ठेवून पांढऱ्या सोफ्याच्या कडेवर बसून राहायचे, पाहुण्यासारखे. पाहुणेच होते.

आता घोर होता तो वेगळाच. घरी भामावहिनी वाट बघत असणार. थोरल्या भावाची बायको. बापूंची बायको सारजाबाई गेल्यापासून त्यांची भाकर तिच्याच चुलीवर व्हायची. ती पहिला प्रश्न काय विचारणार, हे बापूंना पाठ होतं. निघताना तिनंच बजावलं होतं, “भावजी, त्याला आधी मांडीवर घ्या. आमची सारजा काय म्हणायची, ध्यानात हाय ना?”

ध्यानात नसायला काय झालं? सारजाबाई म्हणायची, ज्याच्या मांडीवर लेकरू मुतलं, त्याला लेकरानं आपलं म्हटलं. गोकुळ तान्हा असताना लासूरच्या बाजारात त्यानं बापूंच्या कोऱ्या धोतराचा निकाल लावला होता, तेव्हाही ती हेच म्हणून हसत सुटली होती. बापूंनी मात्र भर बाजारात पोर तिच्या हवाली केलं आणि पुढं चालू लागले. त्या काळचे बाप लेकराला घ्यायचे ते कोरडं असेपर्यंतच.

वहिनीला सांगायला बापूंकडं काय होतं? नातू कुणावाणी दिसतो, एवढंसुद्धा त्यांना धड सांगता आलं नसतं.

धोतराला काहीतरी ओढलं गेलं. शिवराज आईच्या मांडीवरून निम्मा बापूंच्या मांडीवर आला होता. त्याला खिडकी हवी होती. बापूंचे दोन्ही हात आपोआप वर झाले आणि तसेच अधांतरी थांबले. त्यांनी तळवे करुणेपुढं उघडे केले.

“धुतलेत,” ते म्हणाले. “मघाशीच, साबण लावून.”

करुणेला आधी काही कळलंच नाही. “हात? अहो घ्या की आजोबा! तुम्हाला त्रास होणार नसेल तर. तेवढाच माझ्या पायाला आराम.”

बापूंनी त्याला घेतलं. किती दिवसांनी एवढं वजन मांडीवर आलं होतं! पोरानं काचेवर दोन्ही हात आपटले, काच चाटली, बापूंची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. डोळ्यांपर्यंत आली ती. बापूंनी त्याला ढग दाखवले, ‘कापूस बघ, किती फुटलाय, येचाया कोण जाणार?’ असं विचारलं. पोरानं आपण जाणार असल्याचं त्याच्या भाषेत सांगितलं.

मग ते दमलं. मान बापूंच्या छातीवर टेकली. एक हात चाचपडत वर आला, बापूंचा कान त्याला सापडला, आणि कानाची पाळी बोटांत धरून ते झोपी गेलं. करुणा म्हणाली, “अशीच सवय आहे त्याला. कान लागतो. माझाच लागतो एरवी.” बापूंनी मान जराही हलवली नाही. मानेला रग लागली तरी.

थोड्या वेळानं मांडीला ऊब लागली. पसरत गुडघ्यापर्यंत गेली, तिथून खुर्चीवर उतरली. बापूंना कळलं. ते हलले नाहीत, बोललेही नाहीत. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि या वयात विमानात बसून रडायचं म्हणजे हसू होईल, म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडं केलं.

पण असली गोष्ट झाकून राहते थोडीच? वास करुणेला आला. “अरे देवा! डायपर... आजोबा, तुमचं धोतर!” ती दचकून वळली आणि पुढच्या फळीवरचा डबा उलटला. उरलेला सगळा दहीभात कडेच्या माणसाच्या बुटावर गेला.

“कमाल आहे!” तो उभाच राहिला. “मघापासून बघतोय मी. भात काय, घाण काय! मुलं सांभाळता येत नाहीत तर विमानात आणता कशाला?”

“सॉरी. डायपर मोठ्या बॅगेत गेले चुकून. विमान इतकं थांबेल असं...”

“ते तुम्ही बघायचं असतं! आईबाप म्हणून काही जबाबदारी असते की नाही? का दुसऱ्यांनी तुमची घाण सोसायची? याचे वडील कुठं आहेत?”

करुणेनं उलटलेला डबा सरळ केला. तिची हनुवटी थरथरली. आजूबाजूच्या माना उंचावल्या, पुढच्या खुर्च्यांमधून दोन डोळे मागं वळले. माणूस म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागत होतं. गलक्यानं शिवराज जागा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं.

हवाईसुंदरी लगबगीनं आली. तिनं माणसाचं ऐकून घेतलं, करुणेकडं पाहिलं, मग ओल्या धोतरावर पोर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडं.

“अंकल, ये बच्चा आपके साथ है?”

करुणेनं तोंड उघडलं, पण बापू आधी बोलले.

“हां. हमाराच है. पोता है हमारा.” मग कडेच्या माणसाकडं वळून म्हणाले, “माझ्याच मांडीवर व्हता साहेब. ध्यान माझं नव्हतं. तिला नका बोलू. मी पुसतो.”

आणि खरोखरच पुसायला लागले. पोर आईकडं दिलं, खांद्यावरचा पंचा काढला, खुर्ची टिपली, मग त्या अडचणीत कसेबसे खाली वाकून शितं वेचायला लागले. करुणा म्हणत राहिली, “आजोबा, तुम्ही नका, मी करते,” आणि बापू घरच्यासारखे खेकसले, “तू पोराला बघ. त्याचं आंग ओलं हाय, सर्दी व्हईल.” त्यांचा हात बुटापर्यंत गेला तसा माणसानं पाय मागं घेतला.

“राहू द्या. राहू द्या आजोबा.” त्यानं स्वतःच रुमाल काढला. मग जरा वेळानं, लॅपटॉप बंद करत म्हणाला, “नातू आहे म्हणून माहीत नव्हतं मला.”

“लई वांड हाय,” बापू म्हणाले. “आईकत नाय कुणाचं.” त्यांच्या आवाजात इतका तोरा होता, की करुणा रडता रडता हसली. हवाईसुंदरीनं कागदी रुमालांचा गठ्ठा आणि एक पिशवी आणून दिली. बापूंनी घाण झालेले रुमाल भरून ती पिशवी गाठ मारून पायाशी ठेवली आणि उतरताना, कुणी मागायच्या आधी, तिच्या हातात दिली.

चिकलठाण्याच्या विमानतळातून बाहेर पडताना दारापाशी करुणेचं सगळं माहेर उभं होतं. शिवराज एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, मामाकडून आजीकडं गेला. खऱ्या आजोबांनी त्याला वर उचललं, तसा त्यानं त्यांचा कान पकडला. करुणा मागं वळून कुणाला तरी शोधत होती. बापू एका खांबाच्या बाजूला सामान बांधत उभे होते. हाक मारली असती तर दिसले असते. त्यांनी मारली नाही. आता तिथं आपलं काही काम नव्हतं.

जालना रोडवर काळी-पिवळी जीप मिळाली. ती सुटते न सुटते तोच गोकुळचा फोन आला.

“बाबा, पोचलात? काही त्रास नाही ना झाला?”

“नाय. शेजारी एक लेकरू व्हतं.”

“अरेरे! म्हणजे डोक्याला ताप. ही माणसं ना, मुलांकडं लक्षच देत नाहीत. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका.”

“ऋतू काय करतोय? दे की जरा.”

“मावशी खाली घेऊन गेल्यात त्याला. संध्याकाळी लावतो फोन. ठेवू?”

“ठेव बाबा.”

घरी पोचले तेव्हा भामावहिनी ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. बापूंना बघताच सूप बाजूला ठेवून त्यांनी दारात पाणी आणलं. बापू पाय धुवायला वाकले. धोतर वाळून कडक झालं होतं, त्यावर दहीभाताचे पांढरे पोपडे. वहिनी जवळ आल्या. नाक वाकडं केलं, पुन्हा वास घेतला, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम फुलला.

“अगं माय! मुतला व्हय नातू?”

बापू वाकलेलेच राहिले. तांब्यातलं पाणी संपलं तरी पाय चोळत राहिले. विमानात एक बाई होती, तिचं लेकरू होतं, असं सांगायला फार वेळ लागला नसता.

“व्हय,” ते म्हणाले.

“कवा?”

“आजच. निघताना.”

“म्हंजी सोडंना तुमाला! आज सारजा पायजे व्हती.” वहिनींनी पदरानं डोळे टिपले. “मला घोर व्हता भावजी. म्हनलं, शेरातलं लेकरू, वळखतं का नाय. द्या, बदला त्ये धोतर, बुचकळून टाकते.”

“राहू द्या आज. वाळलंय.”

बापू त्या धोतरानिशीच ओट्यावर टेकले. वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तुरीकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

“दिसतो कसा?”

“टोपी घालतो माझी. डोळ्यावर येती, तरी काढू देत नाय.”

“अन् जेवतो?”

“दहीभात. निम्मा पोटात, निम्मा दुसऱ्याच्या अंगावर.”

वहिनी पोट धरून हसल्या. “अन् निजतो कसा? आईजवळ का त्या सांभाळनाऱ्या बाईजवळ?”

बापूंचा हात हळूच वर गेला.

“कान धरून निजतो,” ते म्हणाले.

“कुनाचा?”

“माझा.”