कोणाची जोडी कोणाशी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कधी काळी माझ्या पोटात बिस्किटं होती. ती एका दिवाळीत संपली आणि लिंबायत वस्तीतल्या मंगलाबाईंनी मला बटणं ठेवायला घेतलं. झाकण आता सैल झालंय, कडेला गंज चढलाय. पण हलवलं की असा खणखणतो की शेजारीसुद्धा कान टवकारतात. याचा मला अभिमान आहे. उगाच विनय कशाला?

मंगलाबाई मूळच्या खानदेशातल्या. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्या साड्यांच्या घड्या घालतात. या कामाला दोघी लागतात, एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. सकाळी बायका आपापल्या जोड्या जमवतात आणि जी उरते ती कोपऱ्यात बसून सुटे धागे कापते. रोज उरायची ती वत्सला, मराठवाड्यातून आलेली. एके दिवशी तिने कात्री खाली ठेवली.

"तुमाला तुमचीच मानसं गोड लागतेत," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून म्या येत नसते."

मंगलाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. घरी येऊन त्या लेकीला म्हणाल्या, "जयश्री, आमना मनमा काहीच नही व!"

जयश्री कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. "मम्मी, मनातलं कसं मोजणार? पण जोड्या मोजता येतील," असं म्हणून तिने मला फळीवरून खाली काढलं. माझं नशीबच फळफळलं!

खानदेशी बाईसाठी लाल बटण, मराठवाड्याच्या बाईसाठी पांढरं. मला खळाखळा हलवायचं आणि न बघता दोन-दोन बटणं काढायची. बटणाला ना गाव, ना बोली. त्यामुळे नुसत्या योगायोगाने एका रंगाच्या किती जोड्या जमतात ते कळतं. कारखान्यात तशा जोड्या त्याहून पुष्कळ जास्त असतील, तर संशयाला जागा आहे. रविवारभर मला हलवून त्यांनी माझे सांधे खिळखिळे केले. मंगलाबाईंनी कारखान्यातल्या जितक्या सांगितल्या तितक्या एकरंगी जोड्या क्वचितच निघाल्या. मंगलाबाईंचा चेहरा उतरला. मलाही फार वाईट वाटलं.

पण जयश्री घाई करणारी नाही. दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. बायका रिक्षातून गप्पा मारत उतरत होत्या आणि जोड्या तिथेच ठरत होत्या. लिंबायतच्या रिक्षांत बहुतेक खानदेशी, पांडेसऱ्याच्या रिक्षात बहुतेक मराठवाड्याच्या. वत्सला कडोदऱ्याहून बसने येई, सगळ्यांच्या शेवटी. घरी येऊन जयश्रीने एकेका रिक्षाची बटणं वेगळी करून मला हलवलं. आता कारखान्यासारख्याच जोड्या सहज निघू लागल्या.

"गाव बघून जोड्या जमतात असं आता म्हणता येत नाही, मम्मी. रिक्षाच जमवते."

मंगलाबाई मला बगलेत मारून ऐटीत कारखान्यात गेल्या आणि वत्सलाला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं असंल, ताई. पर कोपऱ्यात तर मीच बसते ना?"

मंगलाबाईंनी मला खाली ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपाईन जोड्या हाऊ डबाच ठरावी!"

प्रत्येकीने आपल्या बटणाला ओळखीचा धागा बांधला. मी मनापासून खणखणलो. जोड्या निघत गेल्या आणि शेवटी माझ्या पोटात एकच बटण उरलं, मंगलाबाईंचं.

त्या कोपऱ्यात धागे कापत बसल्या. बाकीच्या बायका साड्यांच्या टोकांवरून एकमेकींशी बोलत होत्या, हसत होत्या. मंगलाबाईंशी कोणी वाईट वागलं नाही. कोणी बोललंही नाही. दुपारी त्या उठून वत्सलापाशी गेल्या.

"एकली बसनं लई कठीण शे व माय. मी तुले कधी इचारं बी नही."

वत्सलाने सरकून जागा केली. "जेवा आदी. भाजी निवायली."

वत्सला अजूनही कामाला येते आणि मी रोज सकाळी खणखणतो. मित्रांनो, माझा गंज पुसा असं मी म्हणत नाही, गंजाचं माझं बरं जमतं. पण कोणावर आळ घेण्याआधी एकदा मला हलवून बघा. आणि मी तुम्हाला निर्दोष ठरवलं, तरी कोपऱ्यात कोण बसलंय ते जाऊन बघा. तेवढं तुम्हालाच करावं लागेल. मला पाय नाहीत.