दोन फटींची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. १९७८ साली बीदरच्या एका कॉलेजात हेमावतीबाईंनी मला रॉकेलच्या चिमणीवर धरून काळं केलं आणि दोन ब्लेडं जोडून माझ्या काजळीत दोन बारीक फटी ओढल्या. माझ्यातून सोडियमच्या दिव्याकडे पाहिलं की पिवळे-काळे पट्टे दिसत. प्रकाशाचा एकेक कण सोडला तरी हळूहळू हेच पट्टे जमतात, असं बाई मुलांना सांगत. अट एवढीच, की तो कोणत्या फटीतून आला याची खूण कुठंच राहू नये.

विभागप्रमुख होते गुंडेराव. त्यांची विद्वत्ता अंगातल्या कोटापुरती. चहाआधी त्यांना एकच कळायला हवं, समोरचा कोणाच्या घरचा. बाई नौबादच्या, बौद्ध घरातल्या. हे कळल्या दिवशीच त्यांनी प्रयोगशाळेतला माठ स्वतःच्या खोलीत नेला. बाईंना कायम करायचा कागदही त्यांच्या सहीवाचून महिनोन्‌महिने पडून होता.

एकदा बाहेरचे परीक्षक सोमशेखर आले. त्यांच्यासमोर गुंडेरावांना अक्कल पाजळायची हुक्की आली.

"कोन कुठनं आलंय ते कळाया नको व्हय?" म्हणत त्यांनी माझ्या एका फटीपुढं उभं आणि दुसरीपुढं आडवं पोलरॉइड बसवलं. पोलरॉइड म्हणजे प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन पुढं जाऊ देणारी पट्टी. आता प्रत्येक किरणावर त्याच्या दाराचा शिक्का बसला. पट्टे गेले, नुसता पिवळा डाग उरला.

"पट्टे गेले कामून? बाईला साधी काच करता येईना!"

मूर्खपणा याचा, खापर तिच्यावर. मला त्या माणसाची शिसारी आली.

बाईंनी एक पोलरॉइड तिरपं करून दिव्यापुढं ठेवलं, दुसरं तसंच तिरपं परीक्षकांच्या डोळ्यापुढं धरलं. दाराचे शिक्के पुसले गेले आणि पट्टे परतले.

"काच बराबर हाय, सर," बाई म्हणाल्या. "कुठनं आला त्याची खूण ठेवली, की पट्टे जात्यात. खूण पुसली, की येत्यात."

सोमशेखर गुंडेरावांकडे वळले. "बाईंच्या कागदावर आत्ताच सही करा. मी थांबतो."

चरफडत सही झाली. मग परीक्षकांनी पाणी मागितलं. बाईंनी गुंडेरावांच्या खोलीतल्या त्याच माठात तांब्या बुडवला आणि दोघांपुढं ग्लास ठेवले. परीक्षक घटाघटा प्यायले. गुंडेरावांचा ग्लास तसाच राहिला.

मित्रांनो, माझी काजळी आता झडत आली आहे. मला बोट लावू नका, कडेनं धरा. तीस वर्षं प्रकाश शिकवणारा तो माणूस त्या दुपारी तहानलेलाच घरी गेला. त्याची कीव करायला मला सांगू नका.