नकाशातली झाडी

पेंटरने नकाशातली बँक तिसऱ्यांदा पुसली आणि टर्पेंटाइनचं फडकं शिडीवर आपटलं. बँक न्हाव्याच्या दुकानापेक्षा लहान दिसते, अशी मॅनेजरची तक्रार. काल ती मोठी केली, तर न्हावी रुसून बसला.

बसस्टँडच्या भिंतीवर अख्ख्या गावाचा नकाशा काढायचा, आल्यागेल्याला गाव एका नजरेत कळलं पाहिजे, ही नगराध्यक्षांची हौस. झाली ना पंचाईत! आठ दिवस पेंटर शिडीवर आणि गाव शिडीखाली. शिंप्याला दुकानातली मशीन बाहेरून दिसायला हवी होती. डॉक्टरांना शेजारची भंगाराची वखार नको होती. चक्कीवाला तर हटून बसला आणि दारात स्वतःची स्कूटर काढून घेऊनच हलला. हात वर करून पेंटरचे खांदे दुखत होतेच, आता लोकांपुढे जोडून जोडून हातही दुखायला लागले.

दुपारी बायको डबा घेऊन आली. रंग ओला असेल म्हणून तिने भिंतीला न शिवता हवेतच बोट फिरवलं, चौकातून बाजारात, बाजारातून नाल्यापर्यंत. तिथे ते थांबलं.

"अहो, आपली गल्ली कुठाय?"

पेंटरने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. नगरपालिकेच्या कमिटीने दिलेल्या कागदावर नाल्यापलीकडे नुसती झाडं होती. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अध्यक्ष म्हणाले होते, "तिकडे कोण बघायला जातंय? हिरवं टाक, उठून दिसेल." त्या हिरव्याखाली चाळीस घरं होती, सगळ्यांत मिळून एक नळ होता आणि त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेला ओटा होता.

"कागदात होतं तेच काढलं मी," तो म्हणाला.

"झाडं छान जमलीत हो. यातलं एखादं खरं असतं, तर दारात सावली तरी पडली असती."

एवढं बोलून ती गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी अध्यक्ष आले. चार पावलं मागे सरकून त्यांनी नकाशा डोळे भरून पाहिला.

"वा, पेंटर! कमाल केलीस. आता फक्त लाल ठिपका राहिला. 'आपण इथे आहात.' तेवढा टाक की सुटलास."

पेंटरने लाल रंगाची डबी उघडली. शिडी उचलून तो भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला. झाडांच्या मधोमध लिंबाएवढा ठिपका काढला, त्याची कड नीट गोल केली आणि शेजारी वळणदार अक्षरांत लिहायला घेतलं.

"अरे, अरे, काय करतोस! आपण स्टँडवर आहोत!" अध्यक्ष ओरडले.

"तुम्ही असाल," पेंटर म्हणाला आणि पुढचं अक्षर काढू लागला.